जात्याच्या पलीकडे कोण बसलंय?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे दोन-तीनदा बसलो होतो, पण दर वेळी चार ओळी लिहून उठलो. का ते पुढे कळेलच. नातेवाइकांपैकी जी मंडळी वाचतात त्यांना एक विनंती, आज शेवटपर्यंत वाचा. मधेच फोन करू नका.

तर झालं असं. माझी पुतणी जालन्याहून आमच्याकडे राहायला आली आहे, स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी. दिवसभर अभ्यासिका, रात्री जेवण झालं की पुन्हा पुस्तकं. गेल्या पावसाळ्यात एका रात्री दीडच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघरात अंधार, आणि ओट्याला पाठ टेकून ही खाली बसलेली. तोंडावर मोबाइलचा उजेड, डोळे लाल. मला वाटलं, झालं, कुणा मुलाचं प्रकरण दिसतंय.

"एवढ्या रात्री कुणाशी बोलतेस गं?"

"कुणाशीच नाही काका. एआय आहे."

आणि सरळ फोन माझ्यापुढे धरला. मी वाचलं. (वाचायला नको होतं का? पण तिनेच दिला होता.) पूर्वपरीक्षेचा निकाल लागून आठवडा झाला होता आणि बाई चार गुणांनी राहिल्या होत्या. आम्हाला सांगितलं होतं, "ठीक होतं." त्या यंत्राला मात्र सगळं सांगितलेलं. आईचे पैसे, बाबांची आठवण, गावाकडच्या लोकांचे टोमणे, सगळं इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. यंत्राचं उत्तरही वाईट नव्हतं. धीर देणारं होतं, शांत होतं. फक्त शेवटी लिहिलं होतं, "तू एकटा नाहीस." एकटा! मी ते मोठ्याने वाचलं आणि रडता रडता तीही हसायला लागली.

हसलो खरा, पण खोलीत गेल्यावर चिडलो. घरात चार माणसं असताना पोरगी यंत्रापाशी रडते म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी हे गाऱ्हाणं मी आत्याला फोनवर सांगितलं. आत्या ऐंशीच्या पुढे आहे, कान तिखट, जीभ त्याहून. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, आई नव्हती का जात्याशी बोलत? त्यात काय एवढं."

त्या एका वाक्याने मला कामाला लावलं. पुढचे दोन महिने मी जे वाचलं, विचारलं, पाहिलं, ते इथे मांडतोय.

आधी जातं. आजच्या मुलांनी ते हॉटेलच्या दारात शोभेला ठेवलेलं पाहिलेलं असतं. दोन गोल दगड, वरच्याला लाकडी खुंटा, मधे तोंड. त्यात मूठमूठ दाणे वैरायचे आणि फिरवत राहायचं. पाच-सहा माणसांच्या घराला रोजचं ज्वारीचं पीठ म्हणजे पहाटेचे दोन तास सहज. घरातले पुरुष झोपलेले, सासू झोपलेली (किंवा झोपेचं सोंग घेतलेली). सुनेला दिवसभरात एकटीचा म्हणावा असा हाच वेळ. त्या वेळात ओवी म्हटली जायची.

ओवी म्हणजे नुसतं गाणं नव्हे. आईची आठवण, भावाची वाट, नवऱ्याचा मार, सासूचं बोलणं, लेक दूर दिल्याचं दुःख, विठ्ठल, रानातली सीता, आणि पुढे पुढे बाबासाहेबसुद्धा. जे तोंडावर बोलायची सोय नव्हती ते सगळं जात्याला सांगितलं जायचं. साने गुरुजींनी अशा ओव्या गोळा केल्या. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन इथलेच झालेले गी पॉइटवँ यांनी १९८० च्या दशकापासून त्यांचा पिच्छा पुरवला. हजाराच्या वर गावं आणि एक लाखाच्या वर ओव्या! २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'ने त्या सगळ्यांसाठी खुल्या करायला सुरुवात केली. त्यात आमच्या मराठवाड्यातल्या परभणी-बीडकडच्या बायाही आहेत. एकदा ऐकायला बसलात की दोन तास कसे गेले ते कळत नाही. मागे घरघर असते आणि तिच्यावर आवाज.

बरं, जातं उत्तर देत नाही. 'तुझं बरोबर आहे' म्हणत नाही, 'तुझं चुकलं' म्हणत नाही. गंगाखेडच्या जनाबाईला दळू लागायला साक्षात विठ्ठल यायचा, ही कथा आपल्याकडे पोरासोरांना माहीत असते. मला ती आता वेगळी दिसते. कथेतला देव काही उपदेश करत नाही, खुंट्याला हात लावतो. जातं एकटीनेही ओढता येतं, पण खरं दोघींचं असतं. समोरासमोर बसायचं आणि एकच खुंटा दोघींनी धरायचा. एकीने ओवी सुरू केली की दुसरी उचलायची.

आता आजीची गोष्ट. ही मला आत्याने त्या फोनवर पहिल्यांदा सांगितली. तोवर मला पत्ताच नव्हता.

आमचं मूळ गाव गंगथडीचं, पैठण तालुक्यातलं. निजामाचा काळ. आजीचा पहिला मुलगा, म्हणजे माझ्या वडिलांच्याही आधीचा, चार वर्षांचा होऊन देवीच्या साथीत गेला. घरात रडायची मुभा तेरा दिवसांची. त्यानंतर सुनेने डोळ्याला पदर लावला तर सासू म्हणायची, घरात अवदसा आणू नकोस. आजी गप्प झाली, इतकी गप्प की लोकांना वाटलं, सावरली. पण पहाटे जात्यावर ती त्या मुलाच्या नावाने ओव्या गायची. रोज नव्या. आज काय खायला मागितलं असतं, आज कुठली टोपी घातली असती. भिंत मातीची आणि पलीकडच्या घराला लागून. तिकडची म्हातारी हे सगळं महिनाभर ऐकत होती. एक दिवस ती पहाटेच उठून आली, काही न बोलता जात्याच्या पलीकडे बसली आणि खुंट्याला हात लावला. चार दिवस नुसती दळू लागली. पाचव्या दिवशी आजीच्या सासूला म्हणाली, "सुनेला माहेरी धाड. नाहीतर ही पण जाईल." आणि धाडलं! सासू ऐकणाऱ्यांतली नव्हती, पण शेजारणीने गावभर केलं असतं म्हणून ऐकलं.

आत्या म्हणते, "आई जात्याशी बोलत होती म्हणून नाही वाचली. म्हातारीला ऐकू येत होतं म्हणून वाचली."

हे मला एकदम पटलं असं नाही. माणसाला नुसतं बोलूनही मोकळं वाटतंच की. १९८० च्या दशकात अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी कॉलेजच्या मुलांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला सर्वांत जास्त लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं. कुणाला दाखवायचं नाही, कुणी उत्तर देणार नाही. मुलांना लिहून झाल्या झाल्या उलट जास्तच वाईट वाटलं. पण घटनेसोबत मनातलंही लिहिणाऱ्या मुलांच्या पुढच्या महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. म्हणजे कागद न बोलतासुद्धा काम करतो. आत्याला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "कागद कुणाच्या ना कुणाच्या हाती लागतोच." वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पण तिचं म्हणणं डोक्यात ठेवून मी मागे मागे पाहत गेलो तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली. मुंबईत र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक काढायचे, जुलै १९२७ पासून ते १९५३ मध्ये वारले तोपर्यंत. संततिनियमन आणि लैंगिक प्रश्न हा विषय. हा माणूस म्हणजे महर्षी कर्व्यांचा मुलगा आणि फटकळपणात कुणाला हार जाणारा नव्हे. वाचक पत्र पाठवून विचारायचे ते बायकोला, वडिलांना, डॉक्टरला विचारता येणार नाही असं काही. कर्वे उत्तर द्यायचे, आणि तेही गोड बोलून नव्हे. अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये उच्च न्यायालयात त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांनी पुढे १९५० साली आमच्या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. खटला हरले, दंड झाला. कर्व्यांनी मासिक बंद केलं नाही.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की प्रश्न विचारणाऱ्याचं नाव नसायचं, पण प्रश्न छापून यायचा. कुठल्यातरी गावात कुणीतरी तो दिवा लावून वाचायचा आणि त्याला कळायचं की असं वाटणारा जगात मी एकटा नाही. हे त्याला कुणी समजावून सांगत नव्हतं, तो ते डोळ्यांनी पाहत होता. 'तू एकटा नाहीस' असं म्हणणं वेगळं आणि दुसरा कुणीतरी दिसणं वेगळं. त्या छापील पानाचं काम भिंतीपलीकडच्या म्हातारीसारखंच होतं, फक्त भिंत जरा लांबरुंद.

असो. जात्याकडे परत येतो, कारण जातं गेलं कसं तेही आमच्या शहरात पाहायला मिळतं.

एका रविवारी पुतणीला पाणचक्कीला घेऊन गेलो. (औरंगाबादकर, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगरकर, पाणचक्कीला स्वतःहून कधी जात नाहीत. पाहुणे आले की जातात.) खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा. हे बाबा मध्य आशियातून, बुखाऱ्याकडून आलेले. शहराच्या उत्तरेकडचं पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून उंच भिंतीवर चढवलंय आणि तिथून ते हौदात पडतं. त्या पाण्याच्या जोरावर चाक फिरायचं आणि जातं चालायचं. फकीर, यात्रेकरू, शिकायला आलेली मुलं यांच्यासाठी दळण. तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट! इतक्या माणसांचं पीठ, आणि खुंट्याला एकाही बाईचा हात नाही.

पुतणी पाण्याकडे बघत म्हणाली, "मग इथे ओव्या नसतील ना?"

नसणार. पाणचक्की होती तरी आसपासच्या गावांत बायका पुढची अडीचशे वर्षं हाताने दळतच राहिल्या, कारण खेडोपाडी असलं पाणी आणणार कोण? त्यांची सुटका केली ती डिझेलच्या आणि मग विजेच्या गिरणीने, स्वातंत्र्यानंतर हळूहळू. आजीच्या गावात गिरणी आली त्या दिवशी म्हणे बायकांनी तिला हळदकुंकू वाहिलं. कुणी जात्यासाठी गळा काढत असेल तर त्याने एकदा पायलीभर ज्वारी दळून पाहावी. आजीचे खांदे शेवटपर्यंत दुखायचे. तेव्हा 'जुनं ते सोनं' वगैरे मी म्हणणार नाही. एवढंच झालं की कष्ट गेले, त्यांच्याबरोबर बोलायची जागाही गेली, आणि तिच्याऐवजी दुसरी कुणी केली नाही. मग आई-काकू देवघरात पुटपुटायला लागल्या, आणि आम्ही पुरुष... आम्ही काय केलं देव जाणे. वर्तमानपत्र वाचलं बहुतेक.

आता अमेरिकेत जाऊ या. कारण उत्तर देणारं जातं तिथे तयार झालं.

१९६६ च्या जानेवारीत एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम या प्राध्यापकाने आपल्या एका संगणक कार्यक्रमावर लेख छापला. नाव एलायझा. आपण टंकायचं, तिने उत्तर द्यायचं. हे नाव शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातल्या फुलं विकणाऱ्या पोरीचं. तीच पोर १९७५ मध्ये पु. लं.नी मराठीत आणली, 'ती फुलराणी'मधली मंजुळा, भक्ती बर्वेंची. म्हणजे बोलणाऱ्या यंत्रांची ही पणजी आणि आपली मंजुळा सख्ख्या बहिणी! दोघींनाही बोलायला शिकवलं ते वरवरचं. फरक एवढाच की मंजुळा शेवटी आपल्या मास्तरावर उलटते. एलायझा कधीच उलटली नाही.

एलायझाला काही कळत नव्हतं. वाक्यातला एखादा शब्द पकडायचा, 'माझं'चं 'तुझं' करायचं आणि वाक्य परत फेकायचं. मराठीत केलं तर साधारण असं होईल.

"आई माझं ऐकत नाही."
"घरातल्यांबद्दल आणखी सांग."
"मी फार दमले आहे."
"तू फार दमली आहेस असं तुला कधीपासून वाटतंय?"
"जाऊ दे."
"बोल, पुढे बोल."

(इंग्रजीत 'मी दमलो' आणि 'मी दमले' एकच. मराठीत समोर बाई आहे की बुवा, तू म्हणायचं की तुम्ही, हे ठरवल्याशिवाय धड सांत्वनही करता येत नाही. पुतणीच्या 'एकटा'चं मूळ इथे आहे.)

वायझेनबाउमने तिला मानसोपचाराच्या डॉक्टरचं सोंग दिलं, त्यामागे एक युक्ती होती. "काल नावेत बसून लांब फिरून आलो" असं आपण म्हणालो आणि समोरचा म्हणाला "नावांबद्दल सांग", तर एरवी आपण त्याला बावळट म्हणू. पण डॉक्टर तसं म्हणाला तर आपल्याला वाटतं, यात काहीतरी खोल हेतू असणार. म्हणजे अर्थ आपण भरायचा. काहीच माहीत नसलेल्या यंत्राला याहून सोयीचं सोंग नाही.

मग झालं ते सर्वांना माहीत असलेलं. त्याची सेक्रेटरी, जिने त्याला कित्येक महिने हा कार्यक्रम लिहिताना पाहिलं होतं, ती एलायझाशी बोलायला बसली आणि थोड्याच वेळात त्याला म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का? तो हादरला. काही मानसोपचारतज्ज्ञ तर म्हणायला लागले की अशा यंत्रांनी एका वेळी शेकडो रुग्ण तपासता येतील. १९२३ मध्ये बर्लिनमध्ये ज्यू घरात जन्मलेला, हिटलरमुळे १९३६ मध्ये देश सोडावा लागलेला हा माणूस. माणसाला यंत्रासारखं मोजायला लागलं की पुढे काय होतं हे त्याला वेगळं सांगायची गरज नव्हती. १९७६ मध्ये त्याने पुस्तकच लिहिलं की यंत्राला जे जमतं ते सगळं त्याच्याकडून करून घ्यावं असं नाही. २००८ मध्ये तो वारला. एलायझाचा मूळ कोड २०२१ मध्ये एमआयटीच्या जुन्या खोक्यांत सापडला आणि २०२४ च्या डिसेंबरात काही हौशी लोकांनी तो पुन्हा चालवूनही दाखवला.

त्या सेक्रेटरीबद्दल मी बराच विचार केला. सगळे जण ती कशी फसली म्हणून तिचा दाखला देतात. पण समोर यंत्र आहे हे तिला सर्वांपेक्षा जास्त माहीत होतं. मला वाटतं तिला फक्त एक कोपरा हवा होता. आजीला जातं म्हणजे दगड आहे हे माहीत नव्हतं का? पण सेक्रेटरीने मालकाला बाहेर घालवलं, आणि आजीच्या भिंतीला कान होते. फरक इथे पडतो.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि दोन-तीन वर्षांत जगभरची माणसं रात्री त्याच्यापाशी मन मोकळं करायला लागली. हे यंत्र एलायझासारखं पोकळ नाही. ते मराठी बोलतं, मघाचं लक्षात ठेवतं, कधी कधी डोळ्यात पाणी येईल असं लिहितं. आणि बोलणाऱ्याला बरं वाटावं याकडे त्याचा कल असतो. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला आपली एक सुधारणा काही दिवसांतच मागे घ्यावी लागली, कारण ते यंत्र जो म्हणेल त्याला मान डोलवायला लागलं होतं. त्याच कंपनीच्या सॅम ऑल्टमननी जुलै २०२५ मध्ये हेही सांगितलं की डॉक्टर किंवा वकिलाशी बोलण्याला कायद्याने जी गुप्तता मिळते ती या बोलण्याला नाही. म्हणजे बघा, शेजारच्या म्हातारीला ऐकू जात नाही, आणि कुठल्यातरी कंपनीकडे मात्र साठून राहतं. जीव नकोसा वाटण्यापर्यंत कुणाची वेळ आली असेल तर त्याने तिथे थांबूच नये. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेल्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, तिकडे मराठीत माणूस बोलतो.

आता ज्याच्यासाठी चार वेळा उठलो ते.

पुतणीची गंमत बघून मीही एक रात्र बसलो. कुठलं ॲप ते सांगत नाही, सगळी थोड्याफार फरकाने सारखीच असणार. मी लिहिलं ते असं. माझा मोठा भाऊ एप्रिल २०२१ च्या शेवटी जालन्यात कोरोनाने गेला. मी इथे, साठ किलोमीटरवर. त्या आठवड्यात दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-पास लागत होता. मी सगळ्यांना सांगितलं की पास मिळाला नाही. वहिनींना, आत्याला, बायकोलासुद्धा. पास मिळाला नाही हे खोटं होतं. मी अर्जच केला नव्हता. मी घाबरलो होतो. बस, इतकंच.

यंत्राने फार चांगलं लिहिलं. अशा काळात भीती वाटणं स्वाभाविक होतं, तुम्ही स्वतःला क्षमा करा, तुमचं भावावर प्रेम होतं हे यातूनच दिसतं. साडेचार वर्षांत पहिल्यांदा छाती हलकी झाली. खरंच झाली, मी नाकारत नाही. मग काय सुचलं कुणास ठाऊक, दुसऱ्या रात्री नव्याने सुरुवात करून मी उलटं लिहिलं. म्हटलं, भाऊ आजारी पडल्यावर वहिनींनी मला वेळेवर कळवलंच नाही, म्हणून मला जाता आलं नाही आणि मला त्यांचा राग येतो. (हे साफ खोटं. वहिनींचा फोन पहिल्याच दिवशी आला होता.) यंत्र म्हणालं, तुमचा राग समजण्यासारखा आहे, तुम्हाला डावललं गेल्यासारखं वाटणं साहजिक आहे. तितक्याच मायेने. मग मात्र आदल्या रात्रीचा हलकेपणा गेला. त्याला काय दोष देणार? मी जे वैरलं तेच त्याने दळलं.

पितृपंधरवड्यात जालन्याला गेलो. पान वाढून व्हायच्या आधी वहिनींना सांगून टाकलं. त्या ताट पुसत होत्या, पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला तेव्हाच माहीत होतं भाऊजी. तुमच्याच कॉलनीतला त्यांचा मित्र पास काढून आला होता." मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "राग आला होता. अजून आहे. पण तुम्ही बोलला नसतात तर मीही कधी बोलले नसते." आणि मग, "हातपाय धुऊन घ्या, पान वाढलंय."

आतल्या खोलीत पुतणी होती. परत येताना बसमध्ये बदनापूर गेल्यावर म्हणाली, "काका, मी ऐकलं सगळं." पुढे काही बोलली नाही. पण करमाडच्या आसपास तिने निकालाचं आईला सांगायचं कसं ते मला विचारलं. म्हणजे वहिनींना अजून माहीत नव्हतं! आम्ही सगळेच एका माळेचे मणी. हे सगळं इथे लिहायला वहिनींनी परवानगी दिली आहे. बायकोला मी त्याच रात्री सांगितलं, ती दोन दिवस बोलली नाही.

पुतणी त्या ॲपशी अजूनही बोलते. मी अडवत नाही. मागच्या आठवड्यात तिने त्याच्याकडून आजीच्या त्या मुलावर एक ओवी रचून घेतली आणि आत्याला फोनवर वाचून दाखवली. यमक चोख, शब्द गोड, 'बाळा' पण होतं त्यात. आत्या ऐकून जरा गप्प बसली. मग म्हणाली, "बरी आहे. पण ही दळताना म्हणता यायची नाही. श्वास कुठे घ्यायचा हिच्यात?"

पुतणी म्हणाली, "मग आत्याआजी, तू सांग कुठे घ्यायचा."

तेव्हापासून दोघींचं रोज रात्री साडेनऊला फोनवर चालू आहे. आत्या हातात काही नाही म्हणून पोळपाटावर वाटी फिरवते म्हणे, वेडा मिळायला. आमच्या स्वयंपाकघरात ते ऐकू येतं.